नवी जाती ओढ्यात नाही, टेबलावर सापडते

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यात घोटाभर पाण्यात उतरा आणि हाताला लागेल तो दगड उचलून उलटा करा. ओला दगड मिनिटभर तसाच धरला की त्याला चिकटलेली तांदळाच्या दाण्याएवढी वाळूची नळी हलायला लागते. पाणी ओघळल्यामुळे हलली असेल, असं आधी वाटतं. मग नळीच्या एका टोकातून तपकिरी डोकं आणि सहा पाय बाहेर येतात आणि ती नळी चक्क चालू लागते.

ही कॅडिसफ्लायची अळी. मराठीत या कीटकाला रुळलेलं नाव नाही, म्हणून कॅडिसफ्लायच म्हणू. बाभळीच्या फांदीवर काड्यांची जुडी अंगाभोवती बांधून लटकणारा किडा गावाकडच्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो पतंगाची अळी असतो. कॅडिसफ्लाय पतंग नव्हेत, पण पतंग आणि फुलपाखरं यांचे सगळ्यात जवळचे भाऊबंद. घर अंगावर घेऊन फिरायची सवय दोघांनी आपापली उचलली, तोंडातून रेशीम काढायची विद्या मात्र एकाच पूर्वजाकडून आली. कॅडिसफ्लायचं रेशीम पाण्याखालीसुद्धा चिकटतं. त्याच्या जोरावर कुणी वाळूचे कण जोडतं, कुणी पानांचे तुकडे, कुणी काड्या. काही अळ्या घर बांधतच नाहीत. त्या दगडांच्या फटीत बारीक जाळं ताणतात आणि प्रवाहातून वाहत येईल ते खातात.

जगात यांच्या 16,000 हून जास्त जातींना नावं मिळाली आहेत, भारतात हजारावर. दरवर्षी भर पडतच असते. ‘नवी प्रजाती सापडली’ अशी चार ओळींची बातमी वाचली की डोळ्यांसमोर येतो तो जंगलात गुडघाभर चिखलात उभा राहून एकदम ओरडणारा संशोधक. प्रत्यक्षात ओढ्याकाठी उभ्या माणसाला काही नवं मिळालंय हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. ते कळतं काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, टेबलापाशी बसल्यावर. (शब्दांचा घोळ इथेच मिटवतो. मराठी विज्ञानलेखनात ‘जाती’ ही खालची पायरी आणि ‘प्रजाती’ तिच्या वरची, म्हणजे अनेक जवळच्या जातींचं घराणं. वर्तमानपत्रं दोन्हींना प्रजाती म्हणतात. मी पहिली पद्धत पाळतो.)

घरावरून घरमालक ओळखावा, हा मोह सगळ्यांनाच होतो. थोडंफार साधतंही. पानाचे दोन तुकडे शिवून पाकीट करणारी अळी कोणत्या कुळातली (कूळ ही प्रजातीच्याही वरची पायरी), हे जाणकार बघताच सांगतो. पण याच मोहाने एक मोठा माणूस चांगलाच फसला. फिलाडेल्फियाचे आयझॅक ली हे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे त्यांच्या काळातले मोठे अभ्यासक. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नदीतून आलेला एक इवलासा, गोल गोल वळलेला शंख त्यांच्या हाती पडला आणि 1834 साली त्यांनी त्याचं गोगलगायीची नवी जाती म्हणून वर्णन केलं. शंख सगळा वाळूच्या कणांचा होता. लींचा तर्क असा की ही गोगलगाय मजबुतीसाठी शंखाला वाळू चिकटवते. नाव दिलं व्हॅल्व्हाटा अरेनिफेरा. अरेनिफेरा म्हणजे वाळू वाहणारी. पुढे उलगडा झाला की आत गोगलगाय नाहीच. हेलिकोसायके नावाच्या कॅडिसफ्लायची अळी वाळूची नळी सरळ न बांधता शंखासारखी वळवत नेते. लींचं निरीक्षण तंतोतंत होतं. वाळू होती, वळसे होते. फक्त घर कुणाचं, हे त्यांनी आत न डोकावता ठरवलं.

घराच्या सामानावर तर अजिबात भिस्त ठेवता येत नाही. ह्युबेर द्युप्रा या फ्रेंच कलावंताने 1980 च्या दशकात कॅडिसफ्लायच्या अळ्या सोन्याच्या कणांत आणि मोत्यांत सोडल्या, तर त्यांनी सोन्या-मोत्यांची घरं बांधली. नळी कशी बांधायची हे अळीच्या रक्तात असतं. कशाची बांधायची हे बऱ्याच अंशी ओढ्यात काय पडलंय त्यावर.

जाती ठरवायची तर पंख फुटलेला कीटक हवा, आणि शक्यतो नर. हे कीटक आपण पाहिलेले असतात, फक्त पतंग समजून सोडून दिलेले असतात. नदीकाठच्या चहाच्या टपरीवरच्या ट्यूबलाइटखाली मळकट तपकिरी, बोटाच्या पेरापेक्षा लहान असे ‘पतंग’ बसतात, त्यात काही हमखास हे असतात. पंख अंगावर कौलारू छपरासारखे उतरते मिटलेले, मिशा लांब आणि बारीक, समोर सरळ रोखलेल्या. पतंगाचा पंख बोटाने पुसला तर बोटाला भुकटी लागते. ते त्याचे खवले. कॅडिसफ्लायच्या पंखावर मुख्यतः केस असतात. या गटाचं शास्त्रीय नाव ट्रायकोप्टेरा, म्हणजे ग्रीकमध्ये ‘केसाळ पंखांचे’. विल्यम कर्बी या इंग्रज कीटकतज्ज्ञाने ते 1813 साली दिलं.

गोळा करायची रीत साधी आहे. संध्याकाळी ओढ्याकाठी पांढरं पसरट भांडं ठेवायचं, त्यात थोडं अल्कोहोल आणि वर अतिनील किरणांचा दिवा. अंधार पडल्यावर दोनएक तासांत भांड्यात कीटकांचा खच पडतो. तो गाळून 80 टक्के अल्कोहोलच्या बाटलीत भरायचा आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची: ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुणी पकडलं. बॉलपेनने लिहिलं तर अल्कोहोलमध्ये शाई उतरते आणि चिठ्ठी कोरी होते. चिठ्ठी गेली की कीटकाची किंमत शून्य.

आता टेबल. पहिली चाळणी भराभर होते. डोक्यावर दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तीन साधे डोळे, मोत्याच्या टिकल्यांसारखे, आहेत की नाहीत? तोंडाजवळच्या स्पर्शकांना किती सांधे, आणि शेवटचा सांधा कसा आहे? मग पाय. कॅडिसफ्लायच्या नडगीवर काट्यांसारख्या आऱ्या असतात, कोंबड्याच्या पायाला असते तशा. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायावरच्या आऱ्या मोजून तीन आकडे लिहायचे. 3-4-4 आले तर रायकोफिला या प्रजातीकडे बोट जातं, 2-4-4 आले तर हायड्रोसायकेसकट बऱ्याच जणांकडे, 1-4-4 आले तर आपल्या घाटांतल्या ओढ्यांवर भरपूर भेटणारी किमारा असायची शक्यता मोठी. पंखांच्या शिरा पाहिल्या की बहुधा प्रजातीपर्यंत पोचता येतं.

तिथे रस्ता संपतो. किमाराच्या दहा काळपट जाती शेजारी शेजारी ठेवल्या तर दहा कावळे ओळीने बसवल्यासारखं दिसतं. रंगाचा उपयोग नाही, अल्कोहोलमध्ये तो फिकाही होतो. लांबी-रुंदीही एकमेकींत मिसळलेली. फरक असतो तो नराच्या पोटाच्या अगदी टोकाला, जननेंद्रियांत.

हा भाग नुसता भिंगाखाली धरून दिसत नाही, आत स्नायू आणि चरबी भरलेली असते. म्हणून अगदी बारीक चिमट्याने पोट छातीपासून अलग करायचं आणि कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात टाकायचं. रात्रभर न तापवता ठेवा, नाहीतर हळूच गरम करून काम लवकर उरका. मांसल भाग विरघळतो आणि कायटिनचं कवच तेवढं उरतं. चहाच्या रंगाचं, आरपार दिसणारं. जास्त वेळ राहिलं तर कवचच इतकं पांढुरकं होतं की कडा दिसेनात. तेव्हा नेमकं कधी थांबायचं हे हाताला कळावं लागतं. मग ते धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं. ग्लिसरीन घट्ट असल्यामुळे ते लेकरू कूस बदलत नाही, हवं तसं वळवून ठेवता येतं.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला कुलूपदुरुस्तीच्या दुकानातल्या हत्यारांसारखं वाटतं. पोटाच्या कड्यांपैकी नववं, म्हणजे नववा वलयखंड, ही चौकट. तिच्यावर दहाव्या खंडाचं छप्पर, काहींत दुभंगलेलं, काहींत चोचीसारखं. दोन्ही बाजूंना वरचे उपांग, खाली पकडीसारखे खालचे उपांग, त्यांना कधी एक सांधा, कधी दोन. मधोमध लिंग, आणि त्याच्या आत किंवा बाजूला काटे. काटे किती, एकसारखे की लहानमोठे, पकडीचं टोक बोथट की आत वळलेलं, अशा गोष्टींवर एक जाती दुसरीपासून वेगळी ठरते.

याच अवयवांत एवढा फरक का? जुनं उत्तर कुलूप-किल्लीचं: प्रत्येक जातीची किल्ली तिच्याच कुलपाला लागते, म्हणून संकर टळतो. ऐकायला छान आहे, पण बऱ्याच कीटकांत माद्यांचं ‘कुलूप’ इतकं काटेकोर नसतंच. माद्यांची निवड आणि नरांमधली चढाओढ यांमुळे हे अवयव झपाट्याने बदलत जातात, असं आज अनेक अभ्यासक मानतात. वर्गीकरण करणाऱ्याला कारणाशी फार देणंघेणं नाही. बाकी शरीर जिथे अजून वेगळं झालेलं नाही तिथे हा भाग वेगळा झालेला असतो, एवढं त्याला पुरतं.

मग चित्र. बाजूने, वरून, खालून, शिवाय लिंगाचं वेगळं. फोटो का नाही, हा प्रश्न मलाही पडायचा. आरपार दिसणाऱ्या वस्तूच्या फोटोत पुढची कड आणि मागची कड एकात एक मिसळतात. काढणारा माणूस भिंगाची खोली वरखाली करत एकेक कड सोडवतो आणि ठरवतो की ही रेघ पुढची, ती मागची, तो केस खरा आणि तो कचरा. रेघ मारणं म्हणजे निर्णय घेणं असतं. जातीच्या वर्णनात लांबलचक मजकूर असतो, पण जगभरचे अभ्यासक आधी चित्रांची पानं उघडतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. माझ्या मते या विद्येची खरी भाषा लॅटिन नसून पेन्सिल आहे.

चित्र झालं, आता ‘हे नवीन आहे का?’ हा खरा प्रश्न, आणि कामाचा मोठा भाग इथेच जातो. नवीन म्हणजे आजवर नाव दिलेल्या कुठल्याही जातीशी न जुळणारं. म्हणजे त्या सगळ्या जाती आधी पाहायला हव्यात. भारतातल्या कॅडिसफ्लायच्या अभ्यासाचा एक जुना पाया मुंबईत आहे. 1930 च्या दशकात मार्टिन मोझली यांची भारतीय कॅडिसफ्लायवरची लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. मोझली लंडनच्या संग्रहालयात काम करत आणि मुळात गळ टाकून मासे धरणारे शौकीन. ट्राउट मासे कॅडिसफ्लायवर तुटून पडतात, त्यामुळे त्या मंडळींना या कीटकांचं फार अगत्य. नंतर फर्नांड श्मिड या कॅनडात स्थायिक झालेल्या स्विस अभ्यासकाने हिमालय आणि ईशान्य भारत पालथा घालून शेकडो जातींची वर्णनं केली. परिणाम असा की इथल्या ओढ्यातला कीटक नवा की जुना, हे ठरवायला पुष्कळदा परदेशातल्या कपाटात ठेवलेला नमुना बघावा लागतो, किंवा नव्वद वर्षांपूर्वी कुणी काढलेल्या रेघेवर विश्वास ठेवावा लागतो. त्या रेघेत एक काटा राहून गेला असेल तर तुमची ‘नवी’ जाती जुनीच निघते.

अलीकडे हाताशी डीएनए आला आहे. सीओआय नावाच्या जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि दुसऱ्यांशी ताडून बघायचा. कीटकाचा एक पाय पुरतो, बाकी अंग शाबूत राहतं. पण ही काही न्यायालयाची मोहोर नव्हे. दोन जाती नुकत्याच वेगळ्या झाल्या असतील तर हा तुकडा जवळपास सारखाच येतो. उलट एकाच जातीच्या, दूरदूरच्या डोंगरांवर अडकलेल्या टोळ्यांत तो बराच वेगळा असू शकतो. किती टक्के फरक म्हणजे वेगळी जाती, असा आकडा नाही. आकार आणि डीएनए एकच गोष्ट सांगू लागले की माणूस निर्धास्त होतो.

आग्नेय युरोपातल्या कोसोव्होतलं उदाहरण यासाठी चांगलं आहे. प्रिस्टिना विद्यापीठाचे हलील इब्राहिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 च्या एप्रिलमध्ये ब्येश्केत ए नेमुना राष्ट्रीय उद्यानातल्या कॅडिसफ्लायची एक जाती प्रसिद्ध केली. सुमारे 2000 मीटर उंचीवरच्या उघड्या डोंगराळ भागातले ते कीटक दिसायला आधीच माहीत असलेल्या काही बाल्कन जातींसारखेच. वेगळेपण मांडलं ते नराच्या अवयवांच्या आकारावरून, आणि जोडीला डीएनएचा पुरावा. नाव ठेवलं पोटॅमोफायलॅक्स कोरोनाव्हायरस. महासाथीच्या काळात काम झालं हे एक कारण. दुसरं असं की प्रदूषण आणि जलविद्युत प्रकल्पांमुळे कोसोव्होच्या नद्यांतल्या जिवांवरही एक न बोलणारी साथ आली आहे, हे त्यांना सांगायचं होतं. पोटॅमोफायलॅक्स हे प्रजातीचं नाव जुनंच, ग्रीकमधलं, अर्थ ‘नदीचा रखवालदार’. रखवालदाराचंच आडनाव साथीचं! जगभरच्या वर्तमानपत्रांनी नाव उचललं. नुसत्या काट्यांच्या फरकावर एवढी प्रसिद्धी मिळाली नसती, हे उघड आहे.

नावाचे नियम प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. नाव दोन शब्दांचं, रोमन लिपीत. आधी कुणी दिलेलं असेल तर जुनं टिकतं, आणि ही मोजणी स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या 1758 च्या आवृत्तीपासून सुरू होते. स्वतःचं नाव जातीला देऊ नये हा नियम नाही, रिवाज आहे. संहितेतला एक नियम मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. पन्नास नर पकडले असले तरी त्यातला एकच ‘होलोटाइप’ म्हणून नेमायचा आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला ते छापायचं. उरलेले पॅराटाइप. उद्या कुणी दाखवलं की या पन्नासांत दोन जाती मिसळल्यात, तर तुम्ही दिलेलं नाव होलोटाइप ज्या बाजूला असेल तिकडे जातं. नाव वर्णनाला नसतं, चित्रालाही नसतं. ते कुपीतल्या त्या एका किड्याला बांधलेलं असतं. त्याचं कापलेलं पोट ग्लिसरीनच्या चिमुकल्या कुपीत, ती कुपी बाकी अंगासोबत अल्कोहोलच्या कुपीत. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची माहिती देणं आणि नमुना अधिकृत भांडारात जमा करणं बंधनकारक आहे. कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यातलं मोठं भांडार, त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

एवढं सगळं करून हाती येतं ते नराचं नाव. माद्या पुष्कळदा एकमेकींपासून ओळखू येत नाहीत, आणि आपण ज्या अळीपासून सुरुवात केली तिच्या अंगावर तर हे अवयव अजून उगवलेलेच नसतात. ओढ्याच्या पाण्याची तब्येत मोजणारे लोक अळ्याच पकडतात, कारण त्याच वर्षभर पाण्यात असतात. त्यांना नाव हवं अळीचं. पाणी घाण झालं की काही जाती आधी जातात, काही तग धरतात, आणि एकाच कुळात दोन्ही प्रकार असतात. नुसत्या कुळावर थांबलेल्या यादीत हा फरक दिसत नाही.

यावर डीएनएच्या कितीतरी आधी, 1930 च्या दशकातच, एक नामी युक्ती निघाली होती आणि ती अजूनही चालते. अळी कोषात जायच्या आधी घर दगडाला घट्ट चिकटवते आणि दोन्ही तोंडं रेशमाने बंद करते. आत ती कात टाकते. पुष्कळ गटांत त्या कातीचे टणक तुकडे, डोक्याचे, छातीच्या पट्ट्यांचे, पायांचे, घराच्या मागच्या टोकाला चुरगळून पडून राहतात. कोषाच्या पातळ कातडीखाली पंखांचा कीटक तयार होत असतो आणि शेवटच्या दिवसांत नराचे काटे आणि पकडी पुऱ्या बनलेल्या असतात. त्या वेळचं घर हाती लागलं तर एका तांदळाएवढ्या नळीत अळीची कात, कोष आणि नर तिन्ही मिळतात, एकाच जिवाचे.

म्हणून ओढ्यात दगड उलटा केलात तर चालणाऱ्या नळ्यांबरोबर न चालणाऱ्याही बघा. दोन्ही तोंडांना पांढुरकी जाळी, हात लावला तरी न सुटणारी. आत गडद झालेले डोळे आणि पंखांच्या काळ्या कळ्या दिसत असतील तर कीटक बाहेर यायला एखाद-दोन दिवसांचाच प्रश्न आहे. नाहीतर दगड होता तसा, त्याच बाजूने, पाण्यात परत ठेवून द्या.